वर्धेचे पाणी आणि वाजिब-उल-अर्ज

आष्टी म्हटले की १६ ऑगस्ट १९४२ चा दिवस आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या तालुक्याच्या पश्चिमेकडून जी वर्धा नदी वाहते, तिचाही एक इतिहास आहे. तो फारसा कुणी सांगत नाही. म्हणून दिवाळीच्या निवांतपणी तो वाचकांपुढे ठेवतो.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे मध्यप्रांत झाला, तेव्हा त्याची आणि वऱ्हाडाची हद्द म्हणून साहेबाच्या नकाशावर हीच नदी रेघ होऊन बसली. आष्टीचा काठ मध्यप्रांतात, मोर्शीचा वऱ्हाडात! काठावरच्या माणसाला मात्र ती रेघ दिसत नव्हती. त्याला दिसत होता घाट, डोह आणि उन्हाळ्यातला झरा.

मौजेची गोष्ट अशी, की याच मध्यप्रांतात गावाची नजर सरकारी दप्तरात उतरवण्याची एक रीत होती. जमिनीच्या बंदोबस्ताच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा कागद होई आणि गावाच्या वहिवाटी त्यात नोंदल्या जात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही १६५ व्या कलमाने हा कागद टिकून राहिला: शेताला पाणी नेण्याचा हक्क, जाण्यायेण्याची वाट, मासेमारी.

मग धरण आले. सिंभोऱ्याचे ऊर्ध्व वर्धा धरण १९९३ साली पुरे झाले, आणि पाणी दशलक्ष घनमीटरांत मोजले जाऊ लागले. त्याच पाण्याकडे पाहणारे डोळे किती निराळे! अमरावतीच्या गृहिणीला ते नळाचे पाणी. संत्र्याच्या बागाईतदाराला मृगबहाराची आशा. भोयाला जाळे टाकायची जागा. ज्याची जमीन बुडाली, त्याला ते पाणी म्हणजे पाण्याखाली गेलेले शेत. ऑगस्ट २०२३ मध्ये हे धरणग्रस्त मुंबईस मंत्रालयात गेले आणि तिथल्या संरक्षक जाळीवर उड्या टाकून त्यांनी आपले गाऱ्हाणे मांडले. धरण होऊन तीस वर्षे लोटली होती!

सर्वत्र असेच घडते असे मात्र नाही. नाशिक जिल्ह्यात ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० नंतर पाणीवापर संस्था काढून वाघाड धरणाचे पाणी आपापसांत वाटून घेतले. २००५ साली शेतकऱ्यांकडे सिंचनाचे व्यवस्थापन देणारा कायदाही झाला. पण त्या संस्थेत सभासदत्व मिळते ते लाभक्षेत्रातल्या जमिनीच्या आधारे. भोयाला तिथे जागा कुठली? आणि ज्याचे शेतच तळाशी गेले, त्याने कोणता सातबारा दाखवावा?

जुना वाजिब-उल-अर्ज काही न्यायाचा पुतळा नव्हता. मालगुजाराच्या गावात गरिबाचा शब्द कितीसा लिहिला जात असेल, हे सांगायला नकोच. तरीही कोयाळ्याला आधी विचारावे आणि मग लिहावे, एवढे शहाणपण त्यात होते. पाणी कुणाला किती द्यायचे हे गणिताने ठरेल. पाणी कुणाचे काय लागते, हे मात्र काठावर जाऊनच विचारावे लागेल.