उन्मादचिकित्सा आणि एका रुमालांतून विलग झालेलीं पानें

आयुर्वेदांतील उन्मादचिकित्सेविषयीं अलीकडे जें लिहिलें जातें, त्यांत परस्परविरुद्ध अशीं दोन मतें वारंवार आढळतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, आमचे पूर्वज वेड्यास मारीत, कोंडीत व डागीत. दुसऱ्या पक्षास चरकसंहितेंत अर्वाचीन मानसोपचार साद्यंत सांपडतो. मौज ही कीं, दोन्ही पक्षांचा आधार एकच अध्याय आहे. चिकित्सास्थानांतील उन्मादाध्याय (निर्णयसागर प्रतीचा ९ वा) ज्यानें मुळांतून वाचला असेल, त्यास या पक्षांनीं एका वस्त्राचे दोन तुकडे करून वांटून घेतले आहेत असेंच वाटेल.

मन, बुद्धि, संज्ञाज्ञान, स्मृति, भक्ति, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम तो उन्माद, अशी व्याख्या निदानस्थानाच्या ७ व्या अध्यायांत आहे. चरकानें त्याचे पांच प्रकार मानिले; सुश्रुतानें उत्तरतंत्राच्या ६२ व्या अध्यायांत सहा मानिले, व त्यांत मनोदुःखानें होणारा आणि विषानें होणारा असे दोन स्वतंत्र सांगितले. औषधाचेहि तीन मार्ग सूत्रस्थानांत (अ. ११) दिले आहेत. मंत्र, मणि, बलि, होम इत्यादि तो दैवव्यपाश्रय. आहार व औषध यांची योजना तो युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह तो सत्त्वावजय. शेवटच्या शब्दावर आधुनिक लेखकांनीं बराच इमला उभारला आहे. वास्तविक तेथें त्याचें लक्षण अवघ्या चार शब्दांत आटोपलें असून, कृति कशी करावी हें उन्मादाध्यायांतूनच वेंचून घ्यावें लागतें.

तेथें काय आहे? प्रथम स्नेहन, स्वेदन, वमन, विरेचन. मग अठ्ठावीस द्रव्यांचें कल्याणक घृत, महापैशाचिक घृत आणि दहा वर्षांचें जुनें तूप. इतक्यानें गुण न आला तर त्रासन. रोग्यास बांधून अंधाऱ्या घरांत ठेवावें. दांत काढलेल्या सापाचें, माणसाळलेल्या सिंहाचें वा हत्तीचें भय दाखवावें. तापलेलें लोखंड, तेल वा पाणी अंगास लावावें. किंवा राजपुरुषांनीं त्यास बाहेर नेऊन राजाज्ञेनें वधाचा धाक घालावा. याचें कारणहि ग्रंथकार देतो: देहदुःखाच्या भयापेक्षां प्राणाचें भय मोठें, त्यानें भरकटलेलें मन ठिकाणावर येतें. हें वाचून अंगावर कांटा येतो व तो यावाच. तो लपविण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच अध्यायांत, प्रिय वस्तु गेल्यामुळें ज्याचें मन बिघडलें त्यास तिच्यासारखी दुसरी मिळवून द्यावी, सांत्वन करावें, सुहृदानें धर्मार्थयुक्त वचनांनीं धीर द्यावा. काम, शोक, भय, क्रोध, हर्ष, ईर्ष्या व लोभ यांपासून झालेला विकार त्याच्या विरुद्ध भावानें शमवावा, असेंहि आहे. आणि देव, ऋषि, पितर व गंधर्व यांच्यामुळें झालेला म्हणून जो उन्माद मानिला, त्यांत तीक्ष्ण व क्रूर कर्म वर्ज्य करून घृतपानादि मृदु उपचारच सांगितले आहेत. दैवी कारण मानल्यानें कांहीं रोगी चाबकापासून वांचले असतील, ही गोष्ट दैवव्यपाश्रयास हंसणाऱ्यांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.

येथें एक अडचण उभी राहते. देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस हे जो स्वतःच्या कर्मानें क्लिष्ट झालेला नाहीं त्यास पीडा देत नाहींत, दोष प्रज्ञापराधाचा, म्हणून देवांस बोल लावूं नये, असें निदानस्थान स्पष्ट बजावतें. मग चिकित्सास्थानांत बलि व पूजा कशास? चिकित्सास्थानाचे १७ अध्याय दृढबलानें पुरे केले, हें त्याच्याच लेखानें सिद्ध आहे. आणि उन्मादाध्याय त्यांतच मोडतो असें मानणारे पुष्कळ आहेत. तेव्हां हें दोन हातांचें काम म्हणून मोकळें व्हावें, असा मोह आम्हांसहि झाला होता. तो टिकला नाहीं. कारण त्याच निदानाध्यायांत मंत्र, मणि व बलि यांचें विधान आहे. एकाच लेखणीस दोन्ही गोष्टी एकत्र नांदवितां येत होत्या. आपणांस त्या नांदवितां येत नाहींत, हा दोष लेखणीचा नव्हे.

राजाज्ञेच्या धाकाचा उल्लेख वर आला. परंतु वेड लागलेला स्वतःच राजा असेल तर त्यास धाक कोणी घालावा? मराठ्यांच्या इतिहासांत हा प्रसंग खरोखर आला. यशवंतराव होळकर यांस १८०८ सालीं, भानपुऱ्यास तोफा ओतविण्याचें काम चालूं असतां, चित्तभ्रम झाला. त्यांस दोरांनीं बांधून ठेवावें लागलें असें माल्कम लिहितो. २८ ऑक्टोबर १८११ रोजीं त्यांचा अंत झाला. ज्याच्या नांवानें माळवा कांपत असे त्यास त्याच्याच चाकरांनीं बांधावें, हा प्रसंग ग्रंथांतील विधीच्या नेमका उलट आहे. बांधण्याची चाल पुढेंहि सुटली नाहीं. तामिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं लागलेल्या आगींत २८ रोगी दगावले. त्यांतील बहुतेक सांखळ्यांनीं जखडलेले होते. दर्ग्याच्या आश्रयास आणलेले ते लोक होते. सांखळी घालण्यास कायद्यानें स्पष्ट मनाई झाली ती २०१७ सालीं.

त्रासनाची तुलना कोणी विजेच्या उपचाराशीं करितात, ती मात्र चुकीची आहे. १९३८ सालीं रोम येथें चेर्लेत्ती व बिनी यांनीं वीज योजिली ती झटका आणण्यासाठीं, भय घालण्यासाठीं नव्हे.

औषधाच्या मार्गाची कथा अधिक बोधक आहे. सर्पगंधा ही वनस्पति बिहारकडे वेड्यांचें औषध म्हणून लोकांत प्रसिद्ध होती. चरकांत हें नांव विषचिकित्सेंत येतें, उन्मादांत नाहीं; महापैशाचिक घृतांत ‘नाकुली’ची जोडी आहे, व नाकुली म्हणजे सर्पगंधाच असें कांहीं म्हणतात, पण ती ओळख वादग्रस्त आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या गुणांविषयीं लेख लिहिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा तिच्या रक्तदाबावरील उपयोगाचा लेख १९४९ सालीं विलायतेंत छापला गेला. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें, आणि १९५४ सालीं अमेरिकेंत नेथन क्लाईन यांनीं तें वेडावर वापरल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें इतर औषधांनीं तें मागें पडलें. तथापि ज्या ज्ञानाची दखल जगानें घेतली, तें मोठ्या ग्रंथांच्या उन्मादाध्यायांपेक्षां लोकांच्या तोंडीं अधिक स्पष्ट राहिलें होतें.

असें ज्ञान आमच्या हातून कसें निसटतें, तें सांगणें प्राप्त आहे. शाळेच्या चाकरींतून निवृत्त झाल्यावर कोंकणांतील एका वैद्यघराण्याचा रुमाल यादीसाठीं आमच्याकडे आला. आम्ही शिरस्त्याप्रमाणें त्याचे दोन भाग केले: घृत, काढे व पथ्य तें वैद्यक, यंत्रें, जप व उतारे तें मंत्रशास्त्र. दोहोंस नवे अनुक्रमांक दिले, आणि मंत्रांचीं पानें दुसऱ्या एका संग्रहाकडे पाठविलीं. दोन वर्षांनीं वैद्यकाचीं पानें पुनः चाळतांना कसरीनें पाडलेलें एक भोंक दृष्टीस पडलें. तें एका पानाच्या उजव्या कोपऱ्यांत असून पुढच्या पानावर नव्हतें, त्यापुढच्या पानावर मात्र त्याच जागीं होतें. मधलें पान आम्ही काढलें होतें! मंत्रांचीं पानें परत मागवून जुळविलीं, तेव्हां तो एकाच रोग्याच्या उपचाराचा क्रम निघाला. प्रथम कल्याणक घृताचें प्रमाण, मग यंत्र व जपसंख्या, मग पथ्य, आणि त्याखालीं निराळ्या शाईंत, रात्रीं एकटें ठेवूं नये, थोरल्या बहिणीस जवळ बसवावें, अशी सूचना. तीन मार्ग तीन पानांवर, एका हातानें लिहिलेले. चाबकाचा वा कोंडण्याचा कोठें उल्लेख नाहीं.

पानें आतां पूर्वींच्या क्रमानें एका दोऱ्यांत ओंवून ठेविलीं आहेत व नवे अनुक्रमांक खोडले आहेत. भोंकाच्या खुणेवरून पाहतां शेवटून दुसरें पान अद्याप मिळालेलें नाहीं. तें मंत्राचें असल्यास कोणाच्या तरी संग्रहांत सुट्या पानांत असेल. उजव्या कोपऱ्यांत गव्हाएवढें भोंक, आठ ओळी, कागद देशी. आढळल्यास कळवावें.