मनगटाच्या वेदनेला नाव कोणाचे?

१/९
आजाराला बहुधा तो शोधणाऱ्याचे नाव मिळते. ज्यांच्या हातांनी तो सोसला, त्यांचे नाव मागे पडते. अंगठ्याच्या बाजूला मनगटात उठणाऱ्या एका कळेचा इतिहास असाच आहे. त्यात स्वित्झर्लंडचा शल्यचिकित्सक आहे, कपडे पिळणारी परटीण आहे आणि नागपूरलगतच्या कामठीचा विडी कामगारही आहे.

२/९
अंगठा बाहेर खेचणाऱ्या आणि ताठ करणाऱ्या दोन कंडरा मनगटाशी एका अरुंद आवरणातून सरकतात. तीच हालचाल सतत घडत राहिली की आवरण जाड होते आणि कंडरा अडखळू लागतात. मग बरणीचे झाकण उघडणे, कपडा पिळणे, तान्ह्या बाळाला उचलणे या साध्या कृतीही असह्य होतात.

३/९
१८९५ मध्ये फ्रिट्झ दे केर्व्हँ यांनी अशा पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि आजार त्यांच्या नावाने रूढ झाला. पण त्याआधीच, १८९३ च्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथात, हे दुखणे ‘परटिणीची मुरगळ’ या अर्थाच्या नावाने नोंदलेले होते. पहिल्या नावात श्रम होते. दुसऱ्यात फक्त संशोधक उरला.

४/९
निदानाच्या चाचणीतही नावांचा घोळ आहे. अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीकडे झुकवण्याच्या चाचणीला सर्रास फिंकेलस्टाइन यांचे नाव दिले जाते. प्रत्यक्षात ती आयकहॉफ यांनी १९२७ मध्ये मांडली. फिंकेलस्टाइन यांच्या १९३० च्या पद्धतीत तपासणारा स्वतः रुग्णाचा अंगठा धरून हात करंगळीकडे ओढतो.

५/९
आता कामठी. तेंदूचे पान कात्रीने कापायचे, तंबाखू भरायची, अंगठा-बोटांत वळायची, दोऱ्याने बांधायची. मजुरी विड्यांच्या संख्येवर. खराब ठरवलेल्या विड्या मोजणीतून बाद. या कामगारांना १९३० च्या दशकात बाबू हरदास एल. एन. यांनी संघटित केले. ‘जय भीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून ओळखले जाणारे हरदास १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले. १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

६/९
भारतात भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, औपचारिक शिक्षण १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. त्यामागची निकड पोलिओची होती. श्रमाने झिजलेले मनगट या शास्त्राच्या कक्षेत पुढे आले.

७/९
या दुखण्यावरील उपचार क्रमाने चालतो. आधी वेदना वाढवणारी हालचाल थांबवणे आणि अंगठ्यासह मनगट स्थिर ठेवणारी स्प्लिंट. मग कंडरा हळूहळू सरकवण्याचे व्यायाम. वेदना ओसरल्यावर हाताला बळ देणारे व्यायाम आणि काम करण्याच्या पद्धतीत बदल. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. अखेरचा उपाय म्हणजे आवरण मोकळे करणारी शस्त्रक्रिया, जी स्वतः दे केर्व्हँ यांनीही केली होती.

८/९
खरी अडचण पहिल्याच पायरीवर आहे. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, तिथे विश्रांती म्हणजे बुडालेला रोज. स्प्लिंट बांधलेल्या अंगठ्याने विडी वळता येत नाही. भौतिकोपचाराचा सर्वांत स्वस्त सल्ला या कामगारासाठी सर्वांत महाग ठरतो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले. मात्र कायद्यातील ओळख आणि दुखऱ्या हाताला मिळणारी भरपगारी सुटी यांत मोठे अंतर राहते.

९/९
२०१० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने व्यवसायजन्य आजारांच्या सुधारित यादीत हे दुखणे समाविष्ट केले. तिथे दे केर्व्हँ यांचे नाव नाही. पुनरावृत्त हालचाल, जोर आणि मनगटाची अवघड ठेवण ही कारणे मात्र नमूद आहेत. परटिणीच्या नावात जे एका शब्दात सामावले होते, ते नोंदीत परतायला शतकाहून अधिक काळ लागला.