जुना जालना : कुंडलिकेच्या कांठचा कसबा

अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीकडे उतरत जाणाऱ्या काळ्या, कपाशीच्या मुलुखांत कुंडलिका नदीच्या कांठीं जालना वसलें आहे. कुंडलिका कांहीं मोठी नदी नव्हे. पावसाळ्यांत ती दुथडी वाहते व पुढें दुधनेस मिळते. उन्हाळ्यांत मात्र तिच्या पात्रांतून कोरड्या पायांनीं पलीकडे जातां येतें. तिच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्यावर कादराबाद, म्हणजे नवा जालना. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वतोमुखीं आहे. जेथें बारमाही पाणी नाहीं, त्या गांवास सोन्याचा पाळणा कां म्हणावें, असा प्रश्न कोणासही पडेल.

त्याचें उत्तर गांवाच्या पश्चिमेस, मोती तलावांत आहे. मलिक अंबराच्या अमदानींत जमशेदखान येथील अधिकारी होता. अंबरानें खडकीस भूमिगत नहर आणिली; जमशेदखानानें तीच विद्या येथें योजिली. उंचावर तलाव बांधावा, त्याचें पाणी जमिनीखालून बंद नळांनीं गांवांत न्यावें, म्हणजे तें आपल्याच भारानें हौदांत चढतें. बैल नको, मोट नको. काळी मशीद, हमाम व सराई हीं त्यानेंच उभारलीं, आणि सराईच्या चौकांत मोठा हौद ठेविला. दूरच्या वाटेनें आलेला व्यापारी आधीं पाणी पाहतो आणि मग मुक्काम करतो. पेठ भरली ती या हौदांच्या आधारानें.

भरलेल्या पेठेवर शत्रूची दृष्टि जाणारच. नोव्हेंबर १६७९ मध्यें शिवाजी महाराजांनीं जालना लुटलें. परततांना मोगल फौजेनें त्यांस गांठलें, सिधोजी निंबाळकर त्या झुंजींत पडला, आणि महाराज आडवाटेनें पट्टा किल्ल्यावर पोंचले. तेव्हांपासून त्या किल्ल्यास विश्रामगड म्हणतात. पुढें १७२५ सालीं निजामुल्मुल्क आसफजाहाच्या आज्ञेवरून काबीलखानानें येथें किल्ला व गढी बांधली. गढींत तोफांपेक्षां तेथील विहीरच अधिक पाहण्यासारखी. तिच्या पोटांत ओवऱ्या व लहान दालनें काढलेलीं आहेत. २ सप्टेंबर १८०३ रोजीं कर्नल स्टीव्हन्सननें शिंद्यांकडून हा किल्ला घेतला. तीन आठवड्यांनीं याच मुलुखांत असईची लढाई झाली.

नंतर हैदराबाद कंटिंजंटची छावणी आली नि १९०३ मध्यें ती फौज मोडली. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाल्यावर कापूस बैलगाडींतून आगगाडींत चढला. १९६४ मध्यें बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें बियाण्यांचा उद्योग काढला आणि १ मे १९८१ रोजीं जालना जिल्ह्याचें ठिकाण झालें.

या भरभराटींत जमशेदखानाचे नळ मात्र निकामी होऊन गेले. जमिनीखालीं असल्यामुळें त्यांची आठवण ठेवणें कठीण, आणि त्यांकडे दुर्लक्ष करणें फार सोपें. निजामी राजवटींत कुंडलिकेवरच घाणेवाडीचा जलाशय बांधून उताराच्या जोरानें गांवास पाणी दिलें, म्हणजे पुन्हां जमशेदखानाचीच युक्ति. २०१२-१३ च्या अवर्षणांत तोही आटला. त्या उन्हाळ्यांत टँकरपुढें घागरींच्या रांगा लागल्या. घाणेवाडीच्या उघड्या पडलेल्या तळांतून नागरिकांनीं वर्षानुवर्षें सांचलेला गाळ उपसला, आणि शेतकऱ्यांनीं तो आपल्या शेतांत नेऊन पसरला.