क्रियापदाच्या शोधात

घरगुती संगणकाचा इतिहास लिहिताना हिशेब आणि टंकलेखन यांना मानाचे पान मिळते. खेळ पंगतीबाहेर राहतात. भाषेच्या अभ्यासकाला मात्र खरा ऐवज खेळांतच सापडेल, असे मला वाटते. त्यातही कथा सांगणाऱ्या साहसखेळांत. गुहा, कुलूपबंद दार, मंतरलेली वस्तू, जादूगार ही सामग्री आपल्याला परकी नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली आणि पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पर्यंत अद्भुतरम्य कादंबरीने मराठी वाचकाला जागवत ठेवले. फरक एवढाच, की कादंबरीतले दार नायक उघडतो आणि खेळातले दार वाचकाला स्वतः उघडावे लागते. त्यासाठी यंत्राला आज्ञा द्यावी लागते. ती कोणत्या भाषेत, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रकाराचा आरंभ चित्राविना झाला. अमेरिकेत विल क्राउदर यांनी १९७६च्या सुमारास गुहेत हिंडण्याचा एक खेळ लिहिला आणि १९७७ साली डॉन वुड्स यांनी तो वाढवला. पडद्यावर वर्णन उमटायचे आणि खेळणाऱ्याने एक-दोन इंग्रजी शब्दांची आज्ञा टंकायची. १९८२ साली आलेल्या ‘द हॉबिट’ या खेळात चित्रे आली आणि आज्ञाही पूर्ण वाक्यात देता येऊ लागली. पण संगणकाला ठाऊक असलेले नेमके क्रियापद सुचले नाही, तर खेळ तिथेच अडायचा. कोडे सुटलेले असायचे, शब्द सापडलेला नसायचा. मातृभाषा इंग्रजी असलेल्यांचीही जिथे अशी कोंडी होत होती, तिथे मराठी शाळेतल्या मुलापुढे दुहेरी कुलूप होते.

हे मूल काल्पनिक नाही. १९८४च्या नव्या संगणक धोरणानंतर आयातीवरचे निर्बंध सैल झाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ब्रिटिश सिंक्लेअर कंपनीचा संगणक परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकायला काढला. ४८ किलोबाइट स्मृती, पडद्याच्या जागी घरातला टीव्ही आणि साठवणीसाठी गाण्यांचा कॅसेट प्लेअर, एवढाच संसार. एक खेळ चढायला चार-पाच मिनिटे लागायची आणि तोवर टेपमधून कर्कश किंकाळी ऐकू यायची. या यंत्राच्या कळांवर अक्षरांबरोबर अख्खे इंग्रजी शब्द छापलेले असत. आज्ञेच्या आरंभी ‘जे’ दाबले की ‘लोड’ हा पूर्ण शब्द उमटे, ‘पी’ दाबले की ‘प्रिंट’. इंग्रजी वाक्य जुळवता येण्याआधी इंग्रजी आज्ञार्थ बोटांत बसवणारे हे यंत्र होते.

दरम्यान तिकडे खेळाने टंकलेखन टाकून देण्याची वाट धरली होती. १९८४च्या मॅकिंटॉशने माऊस घराघरांत नेला. १९८७ साली रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांच्या ‘मेनियाक मॅन्शन’मध्ये पंधरा क्रियापदे पडद्याच्या तळाशी मांडून ठेवली गेली, एक निवडायचे, मग वस्तू दाखवायची. १९९० साली ‘किंग्ज क्वेस्ट’ मालिकेच्या पाचव्या भागाने टंकन सोडून चित्रखुणा घेतल्या. त्याच वर्षी ब्रायन मोरियार्टी यांच्या ‘लूम’ने क्रियापदांची यादीही काढून टाकली, तिथे सुरांच्या छोट्या ओळी वाजवून जादू होते. १९९२च्या ‘लेजेंड ऑफ किरँडिया’त तर एका बाणाने सगळे भागू लागले.

या बदलाकडे सोय म्हणून पाहिले जाते. मला त्यात भाषेचा प्रश्न दिसतो. जिथे क्रियापद आठवावे लागत नाही, तिथे मराठी मूल आणि इंग्रज मूल निदान दाराशी तरी बरोबरीने उभे राहतात. आत गेल्यावर संवाद इंग्रजीतच होते, हेही खरे. स्पेक्ट्रमवर स्वतः घडवता येणारी अक्षरे होती एकवीस, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे त्यात बसवणे म्हणजे काडेपेटीत साडी कोंबणे. देवनागरीला संगणकावर ऐसपैस जागा मिळाली ती जिस्ट तंत्रज्ञानामुळे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ते काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. पण ती जागा कचेऱ्यांच्या टेबलावर होती. कथेच्या वाट्याला ती आली नाही.

मी राहतो त्या मारुंजीला लागूनच हिंजवडीची माहिती तंत्रज्ञाननगरी आहे. मुळशीतल्या शेतांवर उभ्या राहिलेल्या या इमारतींत जगभरच्या कंपन्यांसाठी आज्ञावल्या लिहिल्या जातात. कौशल्याची वानवा नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. दुर्गा आणि विष्णू त्यात कथा सांगतात, पहाडी चित्रशैलीचे रंग आहेत. मूळ निवेदन मात्र इंग्रजीत. जगाची बाजारपेठ डोळ्यांपुढे ठेवणाऱ्याला त्याचा दोष देता येत नाही. तरीही चाळीस वर्षांनंतर आपले देवसुद्धा आपल्या घराजवळच्या खेळात परभाषेत बोलतात, याची नोंद इतिहासाने घ्यायला हवी.

या नोंदीसाठी कागदपत्रे कमी आहेत. साधने आहेत ती घरांत. कॅसेटवरचा खेळ म्हणजे अखेर ध्वनीच. साध्या प्लेअरवर वाजवून तो संगणकात उतरवता येतो आणि जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालीत पुन्हा खेळता येतो. चुंबकीय फीत मात्र दरसाल थोडी थोडी विरते. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एखादी बिननावाची कॅसेट सापडली आणि लावल्यावर गाण्याऐवजी किंकाळी ऐकू आली, तर ती भंगारात देऊ नका. एखाद्या मुलाने वहीत उतरवलेले क्रियापदांचे टिपण तिच्यासोबत असेल, तर तेही जपा. आपल्या संगणकीय वाङ्मयाची ती पहिली हस्तलिखिते आहेत.