खैरात, मोबदला आणि वृत्ती

मी कवितेचा माणूस. कंपन्यांचे ताळेबंद मला वाचता येत नाहीत. पण शब्द कुठून आले आणि वाटेत कसे बदलले, याचा मला नाद आहे. म्हणून वीज कंपन्यांच्या दानधर्माचा आणि शिष्यवृत्त्यांचा इतिहास सांगताना मी तीन शब्दांचं बोट धरणार आहे.

पहिला शब्द 'खैरात'. अरबीत खैर म्हणजे भलं, आणि खैरात म्हणजे भलाईची कामं. मराठीत मात्र आपण 'सवलतींची खैरात' म्हणतो तेव्हा नाक मुरडलेलं असतं. दुसरा 'मोबदला'. तोही तिकडूनच आला. त्याच्या मुळाशी अदलाबदल आहे : एक दिलं, एक घेतलं, हिशेब मिटला. तिसरा 'शिष्यवृत्ती'. यातली 'वृत्ती' आपल्या जुन्या कागदपत्रांत वारंवार भेटते. तिथे वृत्ती म्हणजे वतन, पिढीजात हक्क. म्हणजे शिष्यवृत्तीच्या पोटात हक्काचा अर्थ पहिल्यापासून दडलेला आहे.

आता इतिहासाकडे येऊ. मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवून, तो कोकणाच्या बाजूला खाली सोडून वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ साली ते गेले. १९१० साली कंपनी निघाली आणि १९१५ साली खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा, अशी पुढची दोन केंद्रं आली. पूर्वेकडे वाहायचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली पश्चिमेकडे उतरलं आणि मुंबईतली यंत्रं फिरू लागली.

याच जमशेटजींनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला होता. त्याची रीत मला फार आवडते. ही शिष्यवृत्ती कर्जाऊ होती. परदेशात शिकून यायचं, कमवायचं आणि पैसे परत करायचे, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याची सोय होते. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. सुरुवातीच्या मानकऱ्यांत फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन महिला डॉक्टर होत्या. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणनही याच निधीच्या आधारानं लंडनला शिकले.

पण याच इतिहासाचं दुसरं पान मुळशी खोऱ्यात आहे. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं आणि आंबेमोहोर पिकवणारी पन्नासएक गावं त्याच्या छायेत आली. शेतकऱ्यांना न विचारता शेतांत चाचणीचे चर खणले गेले. १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाती होता, आणि सरकार कंपनीच्या बाजूला होतं. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. १९२४ पर्यंत लढा चालला, आणि अखेर जमीन पाण्याखाली गेली.

मोबदला ठरला, पण कोणाला? बऱ्याच जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या. पुण्यात बसलेल्या सावकाराला रोख रक्कम मानवणारी होती. चिखलात उभं राहून भात लावणाऱ्या कुळाला रोख रकमेचं काय करायचं हे ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या हाती रक्कम तरी किती लागणार? अदलाबदल झाली खरी, पण दोन्ही टोकांना तीच माणसं नव्हती.

या लढ्याचे नेते पांडुरंग महादेव बापट. सेनापती ही पदवी त्यांना या लढ्यानंच चिकटली. मला त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट या विषयाशी जोडाविशी वाटते. पारनेरचा हा हुशार मुलगा मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेला होता. तिथे त्यानं इंग्रजी राजवटीविरुद्ध उघड बोलायला सुरुवात केली, आणि शिष्यवृत्ती बंद झाली. देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारी वृत्ती किती पातळ धाग्याला लटकलेली असते, हे बापटांना मुळशीच्या आधीच कळलं होतं. पैसे देणारा गप्प बसायला सांगू शकतो, ही भीती आजही प्रत्येक देणगीच्या मागे उभी असते.

तरीही निवाडा एका बाजूचा करून चालणार नाही. ज्या दोराबजी टाटांच्या काळात मुळशीचं धरण झालं, त्यांनीच १९३२ साली आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. त्या निधीतून १९३६ साली समाजकार्य शिकवणारी संस्था उभी राहिली, १९४१ साली परळचं कर्करोग रुग्णालय सुरू झालं. आपल्याकडे खेड्यापाड्यांत आजही 'आईला टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. टाटा समूहाच्या मुख्य कंपनीचे सुमारे दोन तृतीयांश समभाग धर्मादाय न्यासांकडे आहेत. म्हणजे नफ्याचा मोठा वाटा फिरून समाजाकडे येतो, हे मान्य केलंच पाहिजे.

माझा प्रश्न वेगळा आहे. जो देशाला देतो, त्यानं शेजाऱ्याला काय दिलं? रुग्णालय सगळ्यांचं असतं. धरणात बुडालेलं शेत मात्र कोणा एकाचं असतं. सगळ्यांना दिल्यानं त्या एकाचं देणं फिटत नाही.

स्वातंत्र्यानंतर वीज सरकारची झाली, कोयना झालं, आणि मराठीत 'धरणग्रस्त', 'प्रकल्पग्रस्त' असे शब्द रुळले. १९७६ साली महाराष्ट्रानं पुनर्वसनाचा कायदा केला. उजेडासाठी ज्यानं अंधार घेतला त्याचं पुनर्वसन करणं हे कर्तव्य आहे, ही गोष्ट मुळशीनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी कायद्याच्या भाषेत आली.

पुढचं पाऊल २०१३ च्या कंपनी कायद्यानं टाकलं. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची आहे. कंपनीचं काम जिथे चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्यात म्हटलं आहे. २०२१ पासून न खर्चलेले पैसे कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाहीत. मला यात जकातीची आठवण होते. जकात देणारा उपकार करत नसतो. त्याच्या संपत्तीत गरिबाचा जो हक्क आहे तो बाजूला काढून देत असतो. कायद्यानं देणगीला खैरातीकडून वृत्तीकडे थोडं सरकवलं, असं मी म्हणेन.

थोडंच, कारण 'परिसर' म्हणजे कोणता, हे ठरवायचं राहून गेलं. आज धरणाच्या काठावर राहतो तो परिसरातला. पण ज्याच्या पणज्याचं शेत पाण्याच्या तळाशी आहे आणि जो शंभर वर्षांत कुठल्या तरी शहरातल्या चाळीत किंवा झोपडपट्टीत पोचला, तो कुठल्या परिसरातला? त्याच्या घरात बटण दाबलं की दिवा लागतो, आणि महिन्याच्या महिन्याला त्याचं बिल येतं. त्याच्या मुलीनं शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तर त्या अर्जात वार्षिक उत्पन्न, गुण, जात असे रकाने असतात. 'आपल्या पूर्वजांची जमीन कोणत्या धरणाखाली गेली?' असा एक रकाना त्यात वाढवायला फारसा खर्च येणार नाही. त्या रकान्यात गावाचं नाव लिहिणाऱ्या मुलीला जे मिळेल, त्याला मी बिनदिक्कत शिष्यवृत्ती म्हणेन.