घरांतील फरशी : एक दुर्लक्षित साधन

जुन्या वाड्यांची पाहणी करणारे अभ्यासक जोतें, खांब, तुळया आणि गणेशपट्टी यांचीं टांचणें करितात. पायांखालच्या जमिनीची नोंद मात्र क्वचितच कोणी करितो. हा दोष आमच्याही पदरीं आहे. दोन वर्षांपूर्वीं साताऱ्याकडील आमच्या घराच्या सोप्यांत सिरॅमिकच्या लाद्या बसविण्याचें काम काढिलें, तेव्हां तो आमच्या ध्यानांत आला.

सोप्यांतली नक्षीची रंगीत फरशी पेशवाईंतली, असें घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत येई. काढतांना एक लादी अखंड निघाली, ती आम्हीं पालथी करून पाहिली. पाठ करडी व रवाळ. भट्टींत भाजल्याची खूण कोठेंही नाहीं. लादी सिमेंटची होती. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट ॲस्पडिन यानें इंग्लंडांत घेतलें तें इ. स. १८२४ सालीं, पेशवाई तर १८१८ तच बुडाली. सिधवा कुटुंबानें अशा लाद्यांचा कारखाना स्वदेशीच्या प्रेरणेनें काढिला तो १९२२ त. आमची फरशी बहुधा त्या सुमाराची किंवा त्यानंतरची असावी. आजोबांनीं घातलेली वस्तु पेशव्यांच्या नांवावर जमा झाली होती!

भाजलेली लादी निराळी. राइट यानें १८३० त व प्रॉसर यानें १८४० त पेटंटें घेतल्यावर मिंटन यानें विलायतेंत हा धंदा वाढविला. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयास आज भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे, तें १८७२ त उघडलें. तेथील जमिनीवर मिंटनच्या लाद्या आहेत. त्यांची नक्षी रंगीत माती खोलवर भरून केलेली असल्यामुळें लादी झिजली तरी ती पुसत नाहीं. हल्लींच्या सिरॅमिक लादीवर झिलईचा केवळ पातळ थर असतो. कोपरा उडाला कीं आंतली माती दिसते. दक्षिणेंत झिलईची लादी या सर्वांहून पुष्कळ आधीं आली होती. बीदर येथील महमूद गवानाच्या मदरशावर (१४७२) ती आहे. पण भिंतीवर, पायांखालीं नव्हे.

संस्कृतांत बांधीव जमिनीस कुट्टिम म्हणतात. त्यांत कुट्ट् हा धातु आहे, म्हणजे जमीन कुटून केलेली. फरशी हा शब्द अरबी फर्श यावरून आला. त्याचा अर्थ अंथरणें. आमच्या सोप्यांत हे दोन्ही अर्थ एकावर एक सांपडले. वर अंथरलेल्या लाद्या, त्यांखालीं चुन्याचा कुटलेला कोबा आणि सर्वांत खालीं धुम्मसानें चोपलेली तांबडी माती. पेशवाईंतलें कांहीं असेलच, तर तें या खालच्या दोन थरांत. परंतु आम्ही टेप घेऊन येईपर्यंत कोब्याच्या ढेपा गाडींत भरून गेल्या होत्या. त्याची जाडी आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

नव्या कामाविषयीं फार लिहावयास नको. गवंड्यानें लादीच्या सर्व पाठीस माल न लावतां चार कोपऱ्यांस व मध्यें गोळे ठेविले. त्यामुळें दाराजवळच्या लाद्या काठीनें ठोकल्या असतां पोकळ वाजतात. शुल्बसूत्रांत एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊं नये म्हणून केवढी काळजी घेतली आहे! असो.

खरें नुकसान पुढें झालें. माती व चुना यांची जमीन ओल घेते आणि सोडतेही. आमच्या जुन्या लाद्याही चुन्यांतच बसविलेल्या होत्या. त्या जागीं आतां सिमेंटचें काँक्रीट व वर झिलई आली; खालची ओल कोंडली ती भिंतीच्या वाटेनें वर चढली. पहिल्याच पावसाळ्यांत उत्तरेच्या भिंतीस कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा लागला, व तेथील कोनाड्यांतल्या एका पोथीचीं शेवटचीं सात-आठ पानें एकमेकांस चिकटलीं. पुष्पिकेचें पान त्यांतच आहे. तिचा लेखनकाल आम्हीं पूर्वीं उतरून घेतला नव्हता.

ज्यांचे रुमाल व पोथ्या तळमजल्यावर भिंतीलगत आहेत, त्यांनीं लाद्यांचा विचार करण्यापूर्वीं तीं दप्तरें माडीवर न्यावीं, आणि जमीन उकरतांना स्वतः उभें राहून प्रत्येक थर मोजावा. चिकटलेलीं पानें आम्हीं ओढून पाहिलीं नाहींत; कोरड्या फडक्यांत तशींच ठेविलीं आहेत. ती अखंड लादीही पाठीच्या चुन्यासह आमच्याकडे आहे. कोणास ताडून पाहावयाची असल्यास अवश्य दाखवूं.