मेंदूचे पहारेकरी

एकाच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वस्तु एकसारख्याच असतात, ही समजूत व्यवहारांत सोयीची आहे. परंतु शास्त्राच्या इतिहासांत तिनें अनेकदां वाट अडविली आहे. मेंदु व मज्जारज्जु यांचें रक्षण करणाऱ्या सूक्ष्म पेशींची हकीकत या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं माद्रिद हें मेंदूच्या अभ्यासकांचें जणूं क्षेत्रच होतें. १९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी रामोन इ काहाल हे तेथें काम करीत. मज्जापेशी आणि त्यांच्या आधाराच्या तारकाकृति पेशी यांखेरीज ज्या पेशी नीट रंग घेत नव्हत्या, त्या सर्वांना काहाल यांनीं १९१३ मध्यें ‘तिसरा घटक’ असें एकच नांव देऊन ठेविलें. त्यांच्याच संस्थेंत काम करणाऱ्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनीं रुप्याच्या क्षाराची नवी रंगपद्धति शोधून काढली आणि १९१९ मध्यें दाखवून दिलें कीं, हा घटक एकजिनसी नाहीं. त्यांत एक जात अगदीं निराळी आहे. इजा होतांच ती आपल्या शाखा आंखडून घेते, जागा सोडून चालूं लागते आणि मेलेलें द्रव्य गिळून टाकते. हिलाच त्यांनीं मायक्रोग्लिया म्हटलें. काहाल यांना हें रुचलें नाहीं. मतभेदांत व्यक्तिगत कुरबुरींची भर पडली आणि १९२० मध्यें ओर्तेगांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढें १९३६ च्या यादवी युद्धानें त्यांना देशहि सोडावयास लावला. पॅरिस व ऑक्सफर्ड येथें राहून ते ब्वेनोस आयरेसला गेले आणि तेथेंच १९४५ मध्यें निवर्तले.

या पेशी राखी भागांत झुडपाप्रमाणें फांद्या पसरतात, तर पांढऱ्या भागांत तंतूंच्या दिशेनें लांबट होतात. तरीहि नांव रूढ झाल्यावर ‘मायक्रोग्लिया सर्वत्र सारखीच’ ही समजूत बळावली. १९९० मध्यें लॉसन, पेरी व त्यांचे सहकारी यांनीं उंदराच्या मेंदूंत मोजणी केली. बाह्य थरांत सर्व पेशींपैकीं सुमारें ५ टक्के, तर मध्यमेंदूंतील काळ्या द्रव्यांत सुमारें १२ टक्के पेशी या जातीच्या आढळल्या. १९९९ मध्यें उंदरांवरील दुसऱ्या प्रयोगांत दिसलें कीं, सारखीच जखम केली असतां मेंदूपेक्षां मज्जारज्जूंत दाह अधिक भडकतो व बाहेरून येणारी पांढऱ्या पेशींची कुमकहि मोठी असते. २०१० मध्यें असें सिद्ध झालें कीं, उंदरांत या पेशी गर्भाच्या पीतकोशांतून अगदीं आरंभीं मेंदूंत येतात. मूळ एकच, तेव्हां भेदाचें कारण पुष्कळ अंशीं शेजारांत शोधावें लागतें. २०१६ मध्यें एडिंबरोच्या संशोधकांनीं जनुकांच्या कार्यावरून दाखविलें कीं, लहान मेंदूंतील व हिप्पोकॅम्पसमधील पहारेकरी इतरांहून अधिक सावध असतात.

अपघातांत कणा मोडून ज्याचे पाय लुळे पडले, त्याच्या दृष्टीनें हा भेद निव्वळ पांडित्याचा नव्हे. मेंदूवर गुणकारी ठरलेलें औषध मज्जारज्जूलाहि तसेंच लागू पडेल, असें गृहीत धरतां येत नाहीं. तें तेथें स्वतंत्रपणें पारखून घ्यावें लागतें. काहाल यांच्या एका नांवाखालीं काय दडलें आहे हें उकलतांना ओर्तेगांनीं आपली जागा गमावली. ओर्तेगांनीं दिलेल्या नांवाखालीं काय दडलें आहे हें उकलण्याचें काम त्यांच्या मागून आलेल्यांना करावें लागलें, आणि तें अजून संपलेलें नाहीं.